दंडारीतली उमेदवारी

'उमेदवार' म्हटले की आज आपल्याला फक्त निवडणूक आठवते. पण पूर्वी सुताराकडे, शिंप्याकडे, वकिलाकडे काम शिकायला राहणाऱ्या पोरालाही उमेदवारच म्हणत. २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणाने ही जुनी उमेदवारी कॉलेजात परत आणली आहे. पदवी हवी, तर विद्यार्थ्याने ठरावीक तास कुठेतरी प्रत्यक्ष काम करायचे. कल्पना उत्तम, पण इस्लापूरच्या बाजूला अशी ठिकाणे किती? कुणी बँकेत जातो, कुणी खताच्या दुकानात बसतो, कुणी झेरॉक्स काढतो.

अशात आमचा एक विद्यार्थी दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, "सर, आमच्या गावच्या दंडारीत काम केलं तर चालंल का?"

मी झटकन म्हणालो, "अरे, नाचणं म्हणजे काय काम झालं?"

पोरगा काही बोलला नाही. मान खाली घालून उभा राहिला. ते न बोलणे मला रात्री झोपताना टोचू लागले.

दंडारी म्हणजे काय, हे किनवटकडच्या श्रोत्यांना मी सांगायला नको; इतरांसाठी सांगतो. दिवाळीच्या सुमारास गोंड गावांतले तरुण जथा बांधून गावोगाव नाचत जातात. त्यांतले घुसाडी अंगाला राख फासतात, डोक्यावर मोरपिसांचा भला मोठा टोप घालतात, हातात काठी घेतात. एका गावचा जथा दुसऱ्या गावी पाहुणा जातो. यजमान गाव त्याला जेवू घालते, रात्र जागवते. सोयरिकीच्या गोष्टीही तिथेच निघतात. इस्लापूरचा भाग १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात, बोथ तालुक्यात होता. राज्यांची पुनर्रचना झाली, मधून रेघ गेली. पण ढोलाच्या आवाजाला रेघ कुठली कळते? पलीकडे आज तेलंगण आहे. तिथल्या मारलवाई गावच्या कनकराजू यांना घुसाडी नृत्यासाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली. २०२४ मध्ये ते वारले. ज्याला मी 'नाचणं' म्हणून हिणवले, त्याची किंमत देशाने अशी केली होती आणि एम. ए. झालेल्या मला तिचा पत्ता नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी त्या पोराला होकार दिला.

त्याची वही माझ्यापाशी आहे. पहिले काही दिवस त्याला नाचू दिलेच नाही. पाणी आण, सरपण आण, ढोल शेकून दे. कातडे ओलसर असेल तर आवाज बसतो. किती शेकले की तो खणखणतो, हे कानानेच शिकावे लागते. मग हिशेब त्याच्याकडे आला. जथ्यात माणसे किती, पुढच्या गावी निरोप कुणी न्यायचा, शिधा किती लागेल, परत निघताना कुणाचा निरोप आधी घ्यायचा. वहीत एके ठिकाणी त्याने लिहिले आहे, 'आज माझा पाय चुकला. कोणी हसले नाही. शेजारच्याने नुसता खांदा लावला आणि मी परत तालात आलो.' श्रोतेहो, वर्गात पाय चुकलेल्या पोराला आपण असा खांदा लावतो का?

आता माझी फजिती ऐका. जानेवारीत कॉलेजचे स्नेहसंमेलन होते. मी मोठ्या उत्साहाने त्या गावी गेलो आणि जथ्याच्या म्हाताऱ्या पुढाऱ्याला म्हणालो, "बाबा, पोरांना टोप घेऊन पाठवा. आठ मिनिटांचा कार्यक्रम ठेवू."

बाबा शांतपणे म्हणाले, "गुरुजी, टोप आमचा देव हाय. दिवाळी झाली, पूजा झाली, तो आता बसला. तुमच्या आठ मिनिटांसाठी त्याला कसं उठवू?"

मी खजील झालो. कलेला व्यासपीठ द्यायला निघालो होतो, पण तिचे अंगण मी पाहिलेच नव्हते. शेवटी पोरे आली ती टोपाशिवाय, ढोल घेऊन. नाचाआधी त्या विद्यार्थ्याने, टोप का आणला नाही, हे सगळ्यांना समजावून सांगितले. त्या सांगण्यालाच टाळ्या जास्त पडल्या.

पुढे अडचण आली शिक्क्याची. कामाच्या दाखल्यावर संस्थेचा शिक्का आणि सही हवी. दंडारीला कुठला शिक्का? बाबांनी अंगठा उठवला, खाली साक्षीदार म्हणून मी सही केली, आणि आमच्या प्राचार्यांनी तो कागद मान्य केला. त्या अंगठ्याखाली सही करताना मला बरे वाटले, हे कबूल करतो.

दाखला हातात घेऊन तो पोरगा म्हणाला, "सर, प्रवेशाच्या फॉर्मवर मातृभाषा मी मराठी लिहिली होती. आता गोंडी करता येईल का?"

तीन वर्षे तो माझ्या वर्गात होता. त्याच्या घरी कोणती भाषा बोलतात, हे मी एकदाही विचारले नव्हते. ज्या मारलवाईचे कनकराजू, त्याच मारलवाईत १९४३ साली, निजामाच्या राज्यात, हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र निघाले होते. देवनागरी लिपीत गोंडी वाचनपुस्तकेही तयार झाली होती. म्हणजे मुलाच्या भाषेपासून शाळा सुरू करावी, हा विचार आपल्या शेजारीच रुजला होता. आपण तो विसरलो.

शिक्षक बंधुभगिनींना एवढेच विनवतो. पोराला कामाला कुठे धाडायचे हे ठरवण्याआधी, तो कुठून आला आहे ते एकदा विचारा. कदाचित त्याची उमेदवारी त्याच्या घरच्या अंगणात आधीच सुरू झालेली असेल. आपल्याला तिची फक्त नोंद करायची असेल.