अकाली प्रसूतीची पूर्वसूचना

पेण आणि रोहा तालुक्यांतील ज्या कातकरी वाड्यांमधून दिवाळीनंतर बिऱ्हाडेच्या बिऱ्हाडे वीटभट्ट्यांकडे निघून जातात, तेथील गर्भवतीची तपासणी मध्येच खंडित होते, आणि रक्तक्षय, मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, मशेरीची सवय ही अकाली प्रसूतीस हातभार लावणारी, परंतु वेळीच निवारता येण्याजोगी कारणे नजरेआड राहतात, ही गोष्ट मला अत्यंत चिंताजनक वाटते. ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी पोट ठराविक अंतराने कडक होऊ लागले, कंबर दुखायची थांबेना, अंगावरून पाणी वा रक्त गेले, तर उजाडण्याची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. गर्भाशयाचे मुख उघडत आहे काय, हे तपासूनच डॉक्टर निदान करतात. कळा थोपवणारी औषधे प्रसूती बहुधा दोनच दिवस लांबवतात. परंतु १९७२ साली न्यूझीलंडमधील लिगिन्स आणि हॉवी या संशोधकांनी दाखवून दिल्याप्रमाणे, तेवढ्या अवधीत मातेस दिलेल्या स्टिरॉइडच्या इंजेक्शनांनी बाळाची अपक्व फुप्फुसे श्वसनास पुष्कळशी सिद्ध होतात, म्हणून रुग्णालयात लवकर पोहोचण्याचे महत्त्व विलक्षण आहे. जन्मल्यावर, डॉक्टरांच्या सल्ल्याने, अशा बाळास आईच्या उघड्या छातीशी धरावे आणि तिचेच दूध, प्रसंगी वाटी-चमच्याने, पाजावे.