वाघोबाची पाटी

चाकणहून नाशिक रस्त्याने जुन्नरकडे निघालात की कारखाने मागे पडतात आणि उसाची शेतं लागतात. याच उसात बिबट्याची मादी पिलं घालते. जखमी किंवा पकडलेल्या बिबट्यांसाठी जुन्नरला माणिकडोहचं निवारा केंद्र आहे. पण बिबट्याला सांभाळून घेण्याची आणखी एक जुनी रीत सह्याद्रीत आहे, ती कलेतली.

वारली आणि महादेव कोळी पाड्यांच्या वेशीवर वाघोबा, म्हणजे वाघदेव, असतो. लाकडाची उभी पाटी किंवा दगड. त्यावर वाघ कोरलेला, वर चंद्र-सूर्य. शेंदराची पुटं इतकी चढतात, की कधीकधी वाघाची शेपटी बोटाने चाचपावी लागते. दिवाळीच्या तोंडावर, वाघबारशीला, गुराखी त्याला नैवेद्य दाखवतात. बिबट्यालाही इथे वाघच म्हणतात.

मुंबई उपनगर, पालघर आणि ठाणे जिल्ह्यांत अभ्यासकांनी वाघोबाची दीडशे ठाणी नोंदवली. 2021 साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. शेळी गेली तरी माणसं वाघाला वैरी मानत नाहीत, त्यामागे वाघोबाशी असलेलं हे नातं आहे, असं त्यात दिसलं. मला ही पाटी कुठल्याही जनजागृतीच्या फलकापेक्षा मोठी वाटते. ती कोरणाऱ्याने तिच्यावर आपलं नावही घातलेलं नसतं.