सेवा घेणे हाही धम्मच
(रमाई जयंतीच्या कार्यक्रमात धामणगाव रेल्वे येथे दिलेले भाषण)



रमाईच्या जयंतीला आपण तिच्या त्यागाची थोरवी गातो आणि ती गायलीच पाहिजे. परंतु आज भगिनींपुढे मला एक वेगळा विचार ठेवायचा आहे. दीर्घ आजारानंतर २७ मे १९३५ रोजी रमाई गेली. पुढे १९४० साली बाबासाहेबांनी 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ तिच्या स्मृतीस अर्पण केला. तिच्या चांगुलपणाचा आणि सोसण्याचा त्यात गौरव आहे. पण तो पाहायला रमाई नव्हती.

आता दुसरी गोष्ट पाहा. घटनेच्या मसुद्याचे काम चालू असताना बाबासाहेबांची प्रकृती पार ढासळली होती. मधुमेह, पायांच्या वेदना, रात्र-रात्र झोप नाही. कोट्यवधींचा आधार असलेल्या या महापुरुषाने स्वतःला आधार हवा हे मान्य केले. १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांनी डॉ. शारदा कबीर यांच्याशी विवाह केला. त्याच आपल्या माईसाहेब. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी १५ मार्च १९५६ रोजी लिहिलेल्या प्रस्तावनेत, विझत आलेली ज्योत पुन्हा पेटली ती पत्नीच्या व डॉ. मालवणकरांच्या वैद्यकीय कौशल्यामुळे, अशी कृतज्ञता त्यांनी व्यक्त केली. ही सेवा त्यांनी नाकारली असती तर तो ग्रंथ आपल्या हाती आला असता काय?

तथागतांचेही तसेच. सहा वर्षांच्या कठोर तपानंतर त्यांनी सुजाताची खीर स्वीकारली. पाच सोबती रागावून निघून गेले, तरी त्यांना संकोच वाटला नाही. पुढे कपिलवस्तूला पाठ दुखू लागली, तेव्हा उपदेशाचे काम आनंदावर सोपवून ते सरळ आडवे झाले.

आणि आपल्या घरी काय चालते? अंगात ताप असलेल्या मायला लेक म्हणते, "माय, तू पड, भाकरी मी टाकतो." माय म्हणते, "राहू दे वं, मले काय झालं!" भगिनींनो, असे म्हणून आपण लेकीचे प्रेम परत पाठवतो. शिवाय, आईने कधी आडवे व्हायचेच नसते, हा धडाही तिला देतो. देणाऱ्याला पुण्य हवे, तर घेणारा नको काय?

अर्थात, किलोच्या भावाने कापूस वेचणाऱ्या बाईला नुसते 'विश्रांती घे' म्हणून भागत नाही. एक दिवस पडून राहिली की त्या दिवसाची मजुरी बुडते. हे बाबासाहेबांनी ओळखले होते. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात त्यांनी बाळंतपणाआधी व नंतर कामगार स्त्रीला विश्रांती मिळावी म्हणून बाजू मांडली. मजूरमंत्री असताना त्यांनी मांडलेल्या विधेयकातून १९४६ साली कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. विश्रांती हा त्यांच्या लेखी आळस नव्हता, तो हक्क होता.

म्हणून माझी विनंती आहे. वस्तीत एखादी बाई आजारी पडली, तर शेजारणींनी पाळी लावून तिच्या घरचा स्वयंपाक करावा. पुरुषांनी पाणी भरावे, चूल पेटवावी. आणि त्या बाईने "नको" न म्हणता ताट पुढे ओढावे. आपल्या घरातल्या रमाईचे आभार तिच्या हयातीतच मानू या.

जयभीम! नमो बुद्धाय!