बोली किती जणांची?



मागच्या हंगामात आमच्या गटाचा कांदा लिलावात उभा होता. भोवती सात व्यापारी, बोली मात्र दोघांचीच. पडेल त्या भावात माल दिला आणि गप्प घरी आलो.

अशा बाजाराची तपासणी करणारा भारतीय स्पर्धा आयोग दिल्लीत आहे. 2010 च्या अखेरीस कांदा कडाडला, त्यानंतर आयोगाने महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कांदा बाजारांचा अभ्यास करून घेतला. 2012 च्या त्या अहवालात दिसलं, की व्यापार मोजक्यांच्या हाती आहे आणि नव्या व्यापाऱ्याला शिरकाव अवघड आहे.

नुसता भाव पडला म्हणून लबाडी ठरत नाही. आवक वाढली तरी भाव उतरतो. म्हणून तपासताना बघतात, की घेणारे किती, नवा माणूस येऊ शकतो का, भाव आधीच आपसात ठरलाय का. असं संगनमत कायद्याला मान्य नाही, त्याला दंड आहे.

आता आम्ही वही ठेवतो. तारीख, आवक, बोलणारे किती, भाव काय, सगळं लिहितो. हिशोबपट्टीही जपतो. तुम्हीही ठेवा, बायांनो. तोंडी गाऱ्हाणं वाऱ्यावर जातं, लिहिलेलं पुढे ठेवता येतं.