रक्तांतील दाह आणि रोग्याचें आयुष्य



आजच्या आनंदाच्या प्रसंगीं रोगाचा विषय आम्ही कां काढावा, असें कित्येकांस वाटेल. परंतु तंबाखूचुन्याची चंची आणि मिस्रीची डबी आपल्या आष्ट्यास नवी नाहीं. आणि तोंडाच्या कर्करोगाचें आपल्या देशांतील एक मुख्य कारण तंबाखूच आहे.

असा रोगी मिरजेस किंवा मुंबईच्या टाटा रुग्णालयांत गेला म्हणजे त्याचें रक्त तपासतात. रक्तांतील पांढऱ्या पेशींत दोन जाती प्रमुख आहेत. जेथें जखम किंवा दाह असेल तेथें न्यूट्रोफिल प्रथम धांवून जातात. बिघडलेली पेशी ओळखून तिचा नाश करण्याचें काम लिम्फोसाइटांचें. पहिल्या शेंकडा ७० व दुसऱ्या २० असल्या, तर त्यांचें गुणोत्तर साडेतीन होतें. त्यासाठीं निराळी तपासणी लागत नाहीं. साधा भागाकार पुरतो.

कर्करोगाच्या गांठींत पांढऱ्या पेशी असतात, हें जर्मन वैद्य विर्खो यांनीं १८६३ सालींच सांगितलें होतें. दाह रोगाच्या वाढीस हातभार लावतो, हें आतां सिद्ध झालें आहे. डोकें व मान यांच्या कर्करोगांत ज्यांचें हें गुणोत्तर उपचारांपूर्वींच अधिक असतें, त्यांचें आयुष्य सरासरीनें कमी भरतें, असें अनेक देशांतील अभ्यासांत दिसून आलें आहे. यकृतांत तयार होणाऱ्या सी-रिॲक्टिव्ह प्रोटीनचीहि तीच गोष्ट आहे.

परंतु सरासरी म्हणजे निवाडा नव्हे. तालुक्यांत पाऊस कमी झाला म्हणून अमक्याचें शेत करपेलच असें नाहीं. किडलेली दाढ, ताप किंवा स्टेरॉइडचें औषध यांनींहि हा आंकडा चढतो. आणि धोक्याची सर्वमान्य रेषाहि अद्यापि ठरलेली नाहीं. आंकडा पाहून वैद्यानें अधिक सावध व्हावें, घरच्यांनीं मात्र "आतां काय उपयोग?" म्हणून रोग्यास परत आणूं नये.

उपचारांनीं किती फरक पडतो तें पाहा. टाटा रुग्णालयाच्या २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत, तोंडाच्या कर्करोगाच्या आरंभींच्या अवस्थेंतील ज्या रोग्यांच्या मानेंतील ग्रंथी मूळ शस्त्रक्रियेबरोबरच काढल्या, त्यांपैकीं शेंकडा ८० तीन वर्षांनंतर जिवंत होते. ज्यांच्या ग्रंथी तेथें रोग दिसल्यावरच काढावयाच्या असें ठरविलें होतें, त्यांच्यांत हें प्रमाण शेंकडा ६७.५ भरलें. वेळीं केलेल्या उपचाराचें मोल हें असें आहे.

म्हणून आमची विनंती एवढीच: तोंडांत पांढरा वा लाल चट्टा दिसला, तीन आठवडे व्रण भरला नाहीं, तोंड पुरतें उघडेना, आवाज बसला तो सुटेना किंवा मानेंत गांठ लागली, तर घरगुती लेपावर दिवस दवडूं नका; डॉक्टरांस दाखवा. ज्यास सोबत नाहीं त्यास सोबत द्या. चंची आणि मिस्रीची डबी आजच दूर करा, म्हणजे या आनंदाच्या प्रसंगाची सर्वांत खरी आठवण आपल्या घरांत राहील.