घरातल्या कड्याकोयंड्यांना धातूचा रंग

आजचा विषय साधा आहे, पण त्यात मी स्वतः एकदा चांगलाच फसलो आहे. तेव्हा आधी ती हकीकत सांगतो.

पेठ वडगावचे आमचे घर जुने. खिडक्यांना लोखंडी गज, दारांना कड्या, परसात नळाचा पाइप. पुतणीचा साखरपुडा ठरला आणि घर जरा उजळावे म्हणून मी फवाऱ्याच्या रंगाचे दोन डबे आणले, एक चंदेरी आणि एक सोनेरी. बटण दाबले की रंग उडतो, ब्रश नको की थिनर नको. हुरूप इतका आला की गज झाले, कड्या झाल्या आणि शेवटी देवघरातली पितळी समईसुद्धा मी सोनेरी करून टाकली. आईने ती पाहिली नि म्हणाली, "ही समई न्हवं रं, जत्रंतलं खेळणं झालं." संध्याकाळी वाती पेटवल्या, तर वातीच्या कडेचा रंग काळा पडला आणि घरभर वास सुटला.

मग मी या रंगाची थोडी माहिती काढली. फवाऱ्याचा हा डबा 1949 साली अमेरिकेत इलिनॉय संस्थानातल्या सिकॅमोर गावी एडवर्ड सीमूर नावाच्या गृहस्थाने काढला. गंमत अशी की, त्यातला पहिला रंग ॲल्युमिनियमचाच, म्हणजे चंदेरी होता. चंदेरी रंगात ॲल्युमिनियमच्या अतिसूक्ष्म चकत्या असतात; त्या आडव्या बसल्या की चकाकी येते. सोनेरी रंगात सोने नसतेच. तांबे नि जस्त यांच्या मिश्रणाची पूड तरी असते, नाहीतर ॲल्युमिनियमच्याच चकत्यांना दिलेली पिवळी छटा. तांबे-जस्ताची पूड म्हणजे पितळच की! पितळेच्या समईवर मी पैसे मोजून पितळेचा भुगा फासला होता.

आपल्याकडे कल्हईवाला येई तेव्हा भांडे तापवून त्यावर नवसागर टाकी, कथील फिरवी. नवसागराने भांड्याचा मळ निघे आणि वितळलेले कथील धातूला घट्ट धरून बसे. रंगाचे तसे नाही. तो नुसता चिकटलेला असतो, आणि खालची जागा तेलकट किंवा गंजकी असली की सोडून देतो. आमच्या गजांचे तेच झाले. पहिल्याच पावसाळ्यात पापुद्रे निघाले. म्हणून तारेच्या ब्रशाने गंज खरवडा, पॉलिश पेपर मारा, सोड्याच्या पाण्याने धुऊन कोरडे करा आणि लोखंडावर आधी प्रायमरचा हात द्या. जस्त चढवलेल्या पाइपाला साधा प्रायमर नीट धरत नाही; जस्तासाठीचा वेगळा मिळतो, तो मागा.

आता छटा कोणती निवडावी? आरशासारखी चकचकीत क्रोमची छटा दुकानात डोळ्यांत भरते, पण ती हाताळणीत टिकत नाही. वरून पारदर्शक लेप द्यावा, तर तिची चकाकीच मंदावते. ती भिंतीवरच्या चौकटीला किंवा हात न लागणाऱ्या शोभेच्या वस्तूला ठीक. शिवाय चकाकी जितकी जास्त, तितके खालचे खड्डे नि ओरखडे उघडे पडतात. जुन्या, खडबडीत लोखंडाला ठोक्याच्या भांड्यासारखी दिसणारी छटा घ्यावी. ती पुष्कळ दोष झाकते. कड्या, मुठी यांना मंद चकाकीची, काळसर तांबूस छटा बरी. हाताचा मळ तिच्यावर चटकन दिसत नाही. सोनेरी रंग मी तरी आता बेताने वापरतो.

फवारा वीतभर अंतरावरून, हात सतत हलता ठेवून मारावा. एक जाड थर देण्यापेक्षा तीन पातळ द्यावेत, नाहीतर ओघळ येतात. डबा आधी मिनिटभर खळखळ हलवावा, कारण धातूची पूड तळाशी बसलेली असते. हवा कोरडी हवी. दमट दिवसांत रंगावर पांढुरकी साय धरते, म्हणून दिवाळीनंतरचे दिवस उत्तम.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. शाळेतल्या झोपाळ्याला, घसरगुंडीला रंग द्यायचा झाल्यास डब्यावर शिशाचे प्रमाण वाचून घ्या. घरगुती रंगांत ते दशलक्षात 90 भागांहून अधिक नसावे, असा नियम नोव्हेंबर 2017 पासून आपल्या देशात लागू आहे. डब्यातला वायू पेट घेणारा असतो. म्हणून काम अंगणात, नाकाला फडके नव्हे तर मास्क बांधून, चूल नि बिडी दूर ठेवून करावे. रिकामा डबाही विस्तवात टाकू नये. आणि खाण्यापिण्याच्या भांड्याला आतून, किंवा जिथे आच लागते तिथे, हा रंग मुळीच नको.

समईचा रंग मी थिनरने काढला. मग आईने ती चिंच-मिठाने घासली. नक्षीच्या खाचांत अजून थोडा सोनेरी राहिला आहे. दर सणाला ती मला तो बोटाने दाखवते.