विनातिकीट प्रवास आणि न्यायालयाची पायरी



शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण सीमाभागातील घराघरांत ठाऊक आहे. तथापि रेल्वेच्या डब्यात तिकिटावाचून चढलेले पाऊल कधीकधी त्याच पायरीशी जाऊन थांबते, याची जाणीव मात्र सर्वांनाच असते असे नाही. बिदर आणि कलबुर्गी या जिल्ह्यांचा रेल्वेशी संबंध जुना आहे. वाडी येथून हैदराबादकडे जाणारा लोहमार्ग १८७४ साली सुरू झाला. बिदर ते कलबुर्गी हा सुमारे ११० किलोमीटरचा थेट मार्ग २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये पूर्णत्वास गेला. भालकी, कमलनगरचा मजूर, हुमनाबादचा विद्यार्थी आणि गाणगापूरच्या दत्तदर्शनाला निघालेला सोलापूरकडील भाविक या सर्वांची भिस्त रेल्वेवरच आहे. म्हणूनच विनातिकीट प्रवासाबाबत कायदा काय म्हणतो, हे या भागातील प्रत्येक प्रवाशाने जाणून घेणे अगत्याचे आहे.

चूक आणि लबाडी

१८९० च्या जुन्या कायद्याची जागा घेणारा रेल्वे अधिनियम, १९८९ विनातिकीट प्रवाशांत एक महत्त्वाचा भेद करतो. समजा, भालकी स्थानकावर खिडकीपुढे रांग लांब आहे, गाडी सुटण्याच्या बेतात आहे आणि एक शेतकरी घाईने डब्यात चढतो. दुसरा प्रवासी कालच्या प्रवासात वापरलेले तिकीटच आज पुन्हा पुढे करतो. दोघांजवळही योग्य तिकीट नाही. परंतु कायद्याच्या दृष्टीने दोघे सारखे नाहीत.

पहिल्याचे प्रकरण कलम १३८ खाली येते. त्याने प्रवासभाडे आणि त्यावर तितकीच रक्कम किंवा २५० रुपये, यांपैकी जे अधिक असेल ते जादा आकार म्हणून भरले, की विषय तेथेच संपतो. मात्र तो कोठे चढला याविषयी संशय असेल, तर भाडे गाडी जेथून निघाली त्या स्थानकापासून, किंवा वाटेत तिकिटे तपासली गेली असल्यास त्या ठिकाणापासून आकारले जाते. मुंबईहून निघालेल्या गाडीत कलबुर्गीस चढलेल्या प्रवाशावर अशा वेळी सुमारे ५७० किलोमीटरच्या भाड्याचा भार पडू शकतो.

दुसऱ्याचे प्रकरण कलम १३७ चे. रेल्वेची फसवणूक करण्याचा हेतू हा या कलमाचा गाभा आहे. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. विशेष आणि पुरेशी कारणे निकालपत्रात नमूद केल्यावाचून न्यायालयाला पाचशे रुपयांहून कमी दंड करता येत नाही. शिवाय भाडे आणि जादा आकार वेगळा भरावा लागतो.

यावरून चुकलेल्याला भय नाही, असा अर्थ कोणी काढू नये. जादा आकार भरण्यास नकार दिला किंवा तो भरणे जमले नाही, तर रेल्वेचे अधिकारी वसुलीसाठी दंडाधिकाऱ्यांकडे जाऊ शकतात. तेथेही रक्कम न भरल्यास किमान दहा दिवस ते कमाल एक महिना कारावासाचा आदेश होऊ शकतो. ज्याचे पोट रोजच्या मजुरीवर चालते, त्याच्या घरात दहा दिवस चूल कशी पेटावी, याचा विचार प्रवासापूर्वीच व्हावयास हवा.

प्रवाशाचे कर्तव्य व हक्क

तिकीट काढणे शक्यच झाले नाही, तर डब्यात चढण्यापूर्वी अधिकृत रेल्वे कर्मचाऱ्याची परवानगी मागावी आणि तसा दाखला घ्यावा. हा दाखला जवळ असल्यास केवळ भाडे द्यावे लागते. जादा आकार लागत नाही. ऑनलाइन काढलेले तिकीट शेवटपर्यंत प्रतीक्षायादीतच राहिले, तर ते आपोआप रद्द होते आणि त्याच्या आधारे प्रवास करणारा विनातिकीट ठरतो, हेही ध्यानात ठेवावे. भरलेल्या प्रत्येक रुपयाची पावती अवश्य घ्यावी.

कायद्याने दुर्बलांना संरक्षणही दिले आहे. पुरुष सोबती नसलेल्या स्त्रीला किंवा बालकाला तिकिटाअभावी वाटेल तेथे उतरवून देता येत नाही. गाणगापूरला एकट्या निघालेल्या वृद्धेला रात्री दुधनीच्या फलाटावर उतरविणे कायद्यास मंजूर नाही. जेथून प्रवास सुरू झाला ते स्थानक, वाडीसारखे जंक्शन, अंतिम स्थानक किंवा कलबुर्गीसारखे जिल्ह्याचे ठाणे, अशाच ठिकाणी आणि तेही केवळ दिवसा उतरविता येते.

न्यायालयापुढे

खटला उभा राहिलाच, तर घाबरून घरी बसून राहणे हा सर्वांत वाईट मार्ग होय. समन्सकडे पाठ फिरविणाऱ्याच्या दारी पुढे वॉरंट येते. कलम १३७ चा गुन्हा जामीनपात्र आहे. आरोपी अठरा वर्षांखालील असेल, तर त्याचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे चालते. फसवणुकीचा हेतू सिद्ध करण्याची जबाबदारी फिर्यादी पक्षावर असते. म्हणून तिकीट नव्हते हे मान्य करणे आणि रेल्वेला फसविण्याचा हेतू होता हे मान्य करणे, यांतील अंतर ओळखल्यावाचून 'गुन्हा कबूल' असे म्हणू नये. दंडाची रक्कम भरली की लोक ती विसरतात. परंतु सरकारी नोकरीच्या वेळी भरावयाच्या चारित्र्यविषयक नमुन्यात झालेल्या शिक्षेची माहिती द्यावीच लागते. पन्नास रुपयांचे भाडे वाचविणाऱ्या तरुणाला ते असे महागात पडते.

सीमाभागात भाषेचा प्रश्नही येतो. न्यायालयाचे कामकाज कन्नड वा इंग्रजीतून चालले, तरी आरोपीला न समजणाऱ्या भाषेत दिलेला पुरावा त्याला समजेल अशा भाषेत सांगितला गेला पाहिजे, असा कायद्याचा दंडक आहे. मराठी भाषकाने तशी विनंती नि:संकोचपणे करावी. वकील नेमण्याची ऐपत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमान्वये स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत साहाय्य मिळते. इतरांना ते विहित उत्पन्नमर्यादेत मिळते.

रेल्वे ही सार्वजनिक मालमत्ता आहे. एकाने बुडविलेले भाडे अखेरीस दुसऱ्या प्रामाणिक प्रवाशाच्या माथी बसते. तिकीट काढणे हे कर्तव्य, चूक झाल्यास ती वेळीच सांगणे हा शहाणपणा आणि खटल्याला सामोरे जाताना आपला हक्क जाणणे ही नागरिकाची जागरूकता होय. या तीन गोष्टी सांभाळणाऱ्या प्रवाशाला न्यायालयाची पायरी सहसा चढावी लागणार नाही. आणि चढावी लागलीच, तर ती मान खाली घालून चढावी लागणार नाही.